तीस खाटांच्या नर्सिंग होमचं सॉफ्टवेअर ‘आभा’शी जोडताना: सँडबॉक्सपासून प्रोत्साहन रकमेपर्यंत

ठाणे आणि नवी मुंबईतल्या मध्यम आकाराच्या नर्सिंग होममध्ये साधारण एकच चित्र दिसतं. बिलिंग संगणकावर, केसपेपर कागदावर, डिस्चार्ज कार्ड वर्डमध्ये टाइप केलेलं आणि लॅबचे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर. अशा ठिकाणी आयुष्मान भारत डिजिटल मिशनची, म्हणजे एबीडीएमची जोडणी करायची ठरली की सॉफ्टवेअर कंपनी लगेच एपीआयच्या, म्हणजे दोन सॉफ्टवेअरमधल्या देवाणघेवाणीच्या दुव्यांच्या, कामाला लागते आणि डॉक्टर प्रोत्साहन रकमेची चौकशी करू लागतात. खरं काम सुरू व्हायला हवं रिसेप्शनच्या काउंटरवर. तिथे रुग्णाचं नाव, जन्मवर्ष आणि मोबाईल नीट नोंदला गेला नाही, तर पुढचं सगळं तंत्र बिनचूक असूनही नोंद त्याच्या आभाला, म्हणजे आयुष्मान भारत आरोग्य खात्याला, जोडली जात नाही. न जोडलेल्या नोंदीचे पैसे मिळत नाहीत, आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे रुग्णाच्या हातात त्याचा रिपोर्ट पोहोचत नाही. पुढची सगळी माहिती हा क्रम धरूनच दिली आहे.

योजना नेमकी कशाचे पैसे देते

एबीडीएमची देशभर सुरुवात २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. ती चालवतं राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण. डिजिटल हेल्थ इन्सेन्टिव्ह स्कीम, म्हणजे डीएचआयएस, १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली आणि तिची मुदत त्यानंतर अनेकदा वाढवली गेली. रुग्णालयं, लॅब आणि त्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्या या सगळ्यांना तिचा लाभ मिळतो. कमाल मर्यादा ४ कोटी रुपयांची आहे.

अमेरिकेत २००९च्या हायटेक कायद्याने डॉक्टरांना प्रमाणित सॉफ्टवेअर ‘अर्थपूर्ण रीतीने’ वापरल्याबद्दल ठरावीक रक्कम दिली, मेडिकेअरखाली एका डॉक्टरला जास्तीत जास्त ४४,००० डॉलर. आपल्याकडे हिशेब नोंदींवर चालतो. रुग्णाच्या आभा क्रमांकाशी जोडलेली प्रत्येक डिजिटल आरोग्य नोंद म्हणजे एक व्यवहार. रुग्णालयासाठी दर खाटेमागे महिन्याला ठरावीक पायाभूत संख्या असते आणि तिच्या वरच्या प्रत्येक व्यवहाराला २० रुपये मिळतात. पायाभूत संख्या ओलांडून महिन्यात १,००० नोंदी जास्त झाल्या, तर २०,००० रुपये. मुदत आणि पायाभूत संख्या दोन्ही परिपत्रकांनी बदलत आल्या आहेत, त्यामुळे डॉक्टरांना आकडे सांगण्यापूर्वी एबीडीएमच्या संकेतस्थळावरचं ताजं परिपत्रक छापून फाइलला लावा. जुन्या प्रेझेंटेशनमधल्या आकड्यांवर करार करू नका.

ही रक्कम कंपनी आणि रुग्णालय दोघांना वेगवेगळी मिळते. करार करताना ‘प्रोत्साहन रकमेतला वाटा’ असं एखादं कलम कोणी घालत असेल, तर ते नीट वाचून घ्या.

आधी रुग्णालयाची आणि डॉक्टरांची नोंदणी

कोड लिहिण्याआधी रुग्णालयाची नोंद हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत व्हायला हवी. डॉक्टर आणि नर्स यांची नोंद हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्रीत होते. डॉक्टरांसाठी आधार आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक लागतो. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आयुर्वेदासाठी आणि होमिओपॅथीसाठी त्यांची त्यांची परिषद. परिषदेच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं असेल तर पडताळणी अडकते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरांच्या बाबतीत हे हमखास घडतं, म्हणून त्यांचा अर्ज सगळ्यात आधी भरा.

रुग्णालयाच्या अर्जासाठी महाराष्ट्र नर्सिंग होम्स नोंदणी कायदा, १९४९ खालचं चालू प्रमाणपत्र, इमारतीचा आणि नावाच्या पाटीचा फोटो, खाटांची संख्या, उपलब्ध सेवा आणि नकाशावरचं ठिकाण हाताशी ठेवा. पाटीवर ‘मॅटर्निटी अँड सर्जिकल होम’ आणि प्रमाणपत्रावर नुसतं ‘हॉस्पिटल’ असेल, तर प्रमाणपत्रावरचं नाव जसंच्या तसं भरा.

आपल्या भागात जिल्हा निवडताना फार चुका होतात. वाशी, नेरुळ, बेलापूर, ऐरोली हे ठाणे जिल्ह्यात आणि नवी मुंबई महापालिकेत येतं. खारघर, कामोठे, कळंबोली ‘नवी मुंबई’ म्हणूनच ओळखली जात असली, तरी ती रायगड जिल्ह्यात आणि पनवेल महापालिकेच्या हद्दीत आहेत. खारघरच्या रुग्णालयाने सवयीने ठाणे जिल्हा निवडला की पिनकोड ४१०२१० आणि जिल्हा यांचा मेळ बसत नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयाकडे पडताळणीला जातो आणि तिथेच पडून राहतो.

खाटांचा आकडा महापालिकेच्या प्रमाणपत्रावर आहे तोच लिहा. पायाभूत संख्या खाटेमागे मोजली जाते. २२ खाटांच्या जागी प्रतिष्ठेसाठी ३० लिहिल्या, तर दर महिन्याला आठ खाटांच्या वाढीव नोंदी केल्यावरच पहिला रुपया दिसेल.

नोंदणी मंजूर झाली की ‘आयएन’ने सुरू होणारा फॅसिलिटी आयडी मिळतो. पुढे हा आयडी तुमच्या सॉफ्टवेअरशी जोडावा लागतो. ही जोडणी राहून गेली तर सगळ्या चाचण्या पास होऊनही त्या रुग्णालयाच्या नावावर एकही नोंद मोजली जात नाही.

सँडबॉक्समध्ये शिरताना

एबीडीएमच्या सँडबॉक्स, म्हणजे चाचणीसाठीच्या, संकेतस्थळावर कंपनीची नोंदणी केली की क्लायंट आयडी आणि क्लायंट सिक्रेट मिळतं. सिक्रेट फक्त सर्व्हरवर ठेवा. मोबाईल अ‍ॅपच्या किंवा ब्राउझरच्या कोडमध्ये ते गेलं, तर सुरक्षा तपासणीत पहिल्याच दिवशी सापडतं.

बहुतेक एपीआय ताबडतोब उत्तर देत नाहीत. विनंती गेली की ‘स्वीकारली’ एवढाच २०२ कोड परत येतो आणि खरं उत्तर तुम्ही नोंदवलेल्या कॉलबॅक पत्त्यावर नंतर येतं. हा पत्ता इंटरनेटवरून एचटीटीपीएसने उघडणारा लागतो. जिन्याखालच्या खोलीत ठेवलेल्या, स्थिर आयपी नसलेल्या सर्व्हरवर तो चालवायचा प्रयत्न करू नका. कंपनीने भारतातल्या क्लाउडवर एक मध्यवर्ती ब्रिज, म्हणजे निरोप घेऊन पुढे देणारा सर्व्हर, ठेवावा, सगळ्या रुग्णालयांचे कॉलबॅक तिथे घ्यावेत आणि प्रत्येक रुग्णालयाच्या सर्व्हरने तिथून आपलं काम उचलावं. एका ब्रिजखाली अनेक फॅसिलिटी आयडी ठेवता येतात. मात्र रांगेतला प्रत्येक संदेश कोणत्या फॅसिलिटीचा आहे हे तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. नौपाड्यातल्या रुग्णाची नोंद घोडबंदर रोडच्या रुग्णालयात उघडली, तर ती चूक कोणत्याही सबबीने झाकली जात नाही.

प्रत्येक विनंतीत तीन हेडर, म्हणजे विनंतीच्या माथ्यावर जाणाऱ्या नोंदी, सांभाळायचे असतात. रिक्वेस्ट-आयडी दर वेळी नवा यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख-संकेत) हवा. पुन्हा प्रयत्न करताना जुनाच पाठवला तर विनंती नाकारली जाते. एक्स-सीएम-आयडी सँडबॉक्समध्ये ‘एसबीएक्स’ आणि प्रत्यक्ष वापरात ‘एबीडीएम’ असतो, म्हणून तो कोडमध्ये न लिहिता कॉन्फिगरेशनमध्ये ठेवा. तिसरा हेडर टाइमस्टॅम्प. तो यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, मिलिसेकंदांसह द्यायचा असतो. सर्व्हरची वेळ भारतीय असते आणि प्रोग्रामर शेवटी नुसतं ‘झेड’ (यूटीसीची खूण) चिकटवतो. मग विनंती साडेपाच तास भविष्यातली ठरते आणि गेटवे, म्हणजे एबीडीएमचा सगळे निरोप पुढे देणारा दुवा, ती फेकून देतं. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) एनआयसी, म्हणजे राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र, किंवा एनपीएल, म्हणजे राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, यांच्याशी जुळवून ठेवा. केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा असलेल्या सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत तशीच अपेक्षा आहे. लॉग भारतातच १८० दिवस जपणं आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं, हेही त्याच निर्देशांत आहे.

पहिला टप्पा: आभा तयार करणं आणि पडताळणं

आभा क्रमांक १४ अंकी असतो. आभा पत्ता ‘@एबीडीएम’ने संपतो, सँडबॉक्समध्ये ‘@एसबीएक्स’ने. या टप्प्यात आधार ओटीपीने नवा आभा काढणं, असलेला आभा मोबाईल किंवा क्रमांकावरून पडताळणं, प्रोफाइल आणणं आणि आभा कार्ड डाउनलोड करणं एवढं दाखवायचं असतं.

आधार क्रमांक आणि ओटीपी सार्वजनिक किल्लीने एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात बदलून, पाठवायचे असतात. तिसऱ्या आवृत्तीच्या एपीआयना आरएसए ओएईपी पॅडिंग शा-१सह लागतं. जुन्या नमुना कोडमध्ये पीकेसीएस-१ पॅडिंग आहे. तो तसाच उचलला की दर वेळी ‘अवैध’ असं उत्तर येतं आणि दोष ओटीपीत शोधत दिवस जातो. आधार क्रमांक डेटाबेसमध्ये, लॉगमध्ये किंवा स्क्रीनशॉटमध्ये कुठेही साठवू नका. चाचणीसाठी रुग्णांचे आधार वापरू नका.

संमतीचा मजकूर पडद्यावर पूर्ण दिसला पाहिजे आणि टिक आधीपासून लावलेली नसावी. मराठी मजकूर ठेवाच. काउंटरवरच्या ताईंनी तो रुग्णाला वाचून दाखवला पाहिजे. आभा ऐच्छिक आहे, तो नसला म्हणून केसपेपर थांबता कामा नये. ‘आभा नंतर’ असं बटण पडद्यावर मोठं आणि ठळक द्या. त्याचं व्यवहारातलं कारण असं की आधारला जोडलेला मोबाईल पुष्कळदा मुलाकडे असतो आणि मुलगा त्या वेळी लोकलमध्ये असतो. ओटीपीची वाट बघत सकाळच्या ओपीडीची रांग अडली, तर दुसऱ्या दिवसापासून काउंटरवरचं कोणी ते बटण दाबणार नाही.

गर्दीच्या ओपीडीसाठी ‘स्कॅन अँड शेअर’ सगळ्यात सोयीचं. काउंटरवरचा क्यूआर कोड रुग्ण स्वतःच्या अ‍ॅपमधून स्कॅन करतो, त्याचं प्रोफाइल तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये येतं आणि त्याला टोकन मिळतं. नाव आणि जन्मवर्ष टाइप करावंच लागत नाही, म्हणून चूकही होत नाही. क्यूआर लॅमिनेट करून काचेच्या बाहेरच्या बाजूला लावा. आतून लावलेला कोड काचेच्या चमकेने स्कॅन होत नाही.

नावं जुळवणं, जिथे निम्म्या नोंदी अडकतात

रुग्ण आपल्या अ‍ॅपवरून तुमचं रुग्णालय शोधतो तेव्हा गेटवे तुमच्या सॉफ्टवेअरला त्याचं नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाईल पाठवतं. तुम्ही तुमच्या यादीतून नेमका तोच रुग्ण शोधून द्यायचा असतो. दोन सापडले तरी अडचण, एकही सापडला नाही तरी अडचण.

आपल्याकडची नावं या जुळणीला अवघड जातात. आधारवर ‘सुनीता रमेश पाटील’, तुमच्याकडे ‘पाटील सुनीता’. जुन्या केसपेपरवर माहेरचं आडनाव. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकच भोईर तीन प्रकारे लिहिले जातात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात म्हात्रे, पाटील, भोईर, घरत यांची संख्या एवढी की आडनाव आणि लिंग एवढ्यावर जुळणी केली, तर दहा-वीस माणसं सहज निघतात. घरातल्या पाच जणांचा मोबाईल एकच असतो. अनेकांच्या आधारवर फक्त जन्मवर्ष असतं, सॉफ्टवेअर त्याला १ जानेवारी जोडतं. काउंटरवर वय विचारून जन्मवर्ष काढलं तर ते आधारशी एक-दोन वर्षांनी चुकतं.

यासाठी जुळणीचा क्रम ठरवून घ्या. आभा क्रमांक किंवा पत्ता नोंदलेला असेल तर तोच धरा. नसेल तर मोबाईल आणि लिंग नेमके जुळले पाहिजेत, त्यानंतर जन्मवर्षाला थोडी सूट द्या आणि नावाची जुळणी शब्दांचा क्रम न पाहता, उच्चाराच्या जवळिकीने करा. ‘श्री’, ‘सौ.’, ‘कु.’, ‘बेबी ऑफ’ असे शब्द आधी काढून टाका. एवढं करूनही दोन उमेदवार उरले, तर कोणालाच देऊ नका. रुग्णाने केसपेपर क्रमांक दिला तर तो शेवटचा निर्णायक धागा. सासू आणि सून यांचा मोबाईल एकच, लिंग एकच, आडनाव एकच असतं. त्या दोघींना वेगळं करतं ते जन्मवर्षच, म्हणून त्याची सूट फार सैल ठेवू नका.

जोडणी सुरू करण्याआधी जुना डेटा साफ करा. ९९९९९९९९९९ असे खोटे मोबाईल, रिकामं लिंग, शून्य वय यांची यादी काढा. मराठी कीबोर्ड चालू असताना वयाच्या रकान्यात टाइप झालेले देवनागरी अंकही शोधा. माणसाला ते बरोबर दिसतात, तुलना करणाऱ्या कोडला नाहीत. एकाच रुग्णाचे चार केसपेपर क्रमांक असतील तर ते एकत्र करा, मात्र हे काम प्रोग्रामरवर सोडू नका. रुग्णालयातल्या जुन्या, माणसं ओळखणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सहीनेच दोन नोंदी एक व्हाव्यात.

दुसरा टप्पा: नोंद तयार करणं आणि जोडणं

एका भेटीचा किंवा एका दाखल-मुदतीचा संदर्भ म्हणजे केअर कॉन्टेक्स्ट. ओपीडीची प्रत्येक भेट वेगळा कॉन्टेक्स्ट, आयपीडीत दाखल होण्यापासून डिस्चार्जपर्यंत एकच. त्याला द्यायचं नाव रुग्णाच्या अ‍ॅपवर जोडणीच्या आधीच दिसतं, म्हणून तिथे ‘ओपीडी भेट, १२ ऑगस्ट’ एवढंच लिहा. आजाराचं नाव लिहू नका. फोन घरात कोणाच्याही हातात असू शकतो.

नोंदीचा साचा एफएचआयआर आर-४, म्हणजे आरोग्य माहितीच्या देवाणघेवाणीचं आंतरराष्ट्रीय मानक, हा आहे. भारतासाठीचे प्रोफाइल पुण्याच्या सी-डॅकमधलं एनआरसीईएस हे केंद्र प्रसिद्ध करतं. ओपीडी सल्ला, प्रिस्क्रिप्शन, तपासणी अहवाल, डिस्चार्ज समरी, लसीकरण, वेलनेस आणि आरोग्य दस्तऐवज असे प्रकार आहेत. प्रत्येक नोंद ‘डॉक्युमेंट’ प्रकारचं बंडल असते आणि त्यातली पहिली एंट्री कॉम्पोझिशनच असावी लागते. पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका अशा: कॉम्पोझिशन दुसऱ्या क्रमांकावर जाणं, आतले संदर्भ फुल-यूआरएलशी न जुळणं, वेळेत +०५:३० नसणं, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक रिकामा राहणं. एचएल-७चा, म्हणजे एफएचआयआर ठरवणाऱ्या संस्थेचा, व्हॅलिडेटर (तपासणी प्रोग्राम) एनआरसीईएसच्या पॅकेजसह आपल्या संगणकावर चालवा आणि त्यातून गेल्याशिवाय कोणतंही बंडल बाहेर सोडू नका.

निदानाला स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय कोशातले कोड लागतात. भारत त्याचा सदस्य असल्याने वापर परवाना एनआरसीईएसकडून मोफत मिळतो. टाइप-२ मधुमेह ४४०५४००६, उच्च रक्तदाब ३८३४१००३. डॉक्टरांना कोड शोधायला लावू नका. त्यांच्या ओपीडीतली नेहमीची शंभर निदानं त्यांच्याच शब्दांत यादीत ठेवा आणि मागे कोड बसवा.

लॅबच्या नोंदींना सर्वांत जास्त वेळ द्या, कारण इथली चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. चाचणीचं नाव लॉइंक या लॅब चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या कोडने द्यायचं असतं: हिमोग्लोबिन ७१८-७, एचबीए१सी ४५४८-४, उपाशीपोटी साखर १५५८-६. कोड सोपे आहेत, गोंधळ एककांत होतो. आपल्या लॅब हिमोग्लोबिन ‘ग्रॅम टक्के’ असं छापतात. साच्यात ते ‘ग्रॅम प्रति डेसिलिटर’ व्हायला हवं, आकडा तोच राहतो. प्लेटलेट मात्र कोणी ‘१.२ लाख’ लिहितं, कोणी ‘१२०’ हजारांत, कोणी ‘१,२०,०००’. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण रोज प्लेटलेट तपासतात आणि तीन दिवसांत दोन लॅब बदलतात. एका लॅबची १.२ आणि दुसरीची ११० ही संख्या एकाच आलेखावर आली, तर पुढचा डॉक्टर काय समजेल? प्रत्येक मशीनचं मूळ एकक विचारून घ्या, रूपांतराचा तक्ता पॅथॉलॉजिस्टकडून सही करून घ्या आणि शक्यतेबाहेरचा आकडा आला तर नोंद थांबवणारी मर्यादा ठेवा. ‘पॉझिटिव्ह’, ‘ट्रेस’, ‘नील’ अशी उत्तरं संख्येच्या रकान्यात कोंबू नका. रिपोर्ट दुरुस्त झाला तर जुना पुसून नवा टाकण्याऐवजी स्थिती ‘दुरुस्त’ अशी बदला.

सगळं संरचित स्वरूपात पहिल्याच महिन्यात होणार नाही. तोवर स्कॅन केलेलं डिस्चार्ज कार्ड आरोग्य दस्तऐवज म्हणून पाठवता येतं. फाइल बेस-६४ झाली की तिचा आकार एक तृतीयांशाने वाढतो, म्हणून रंगीत ३०० डीपीआयऐवजी करडं १५० डीपीआय पुरे. रिकामा किंवा वाचता न येणारा पीडीएफ फक्त संख्या वाढवण्यासाठी पाठवणं हे रुग्णाशी लबाडीचं आहे. असं सॉफ्टवेअर विकू नये.

संमती मिळाल्यावर नोंद एन्क्रिप्ट होऊन जाते. दोन्ही बाजू कर्व्ह-२५५१९वर किल्ल्यांची देवाणघेवाण करतात, दोघांच्या ३२ बाइटच्या नॉन्सचा (एकदाच वापरायच्या यादृच्छिक संख्येचा) एक्सऑर काढतात. त्यातले पहिले २० बाइट सॉल्ट, शेवटचे १२ आरंभ-सदिश. एचकेडीएफने निघालेल्या किल्लीवर एईएस-जीसीएम हे एन्क्रिप्शन चालतं. नोड किंवा पायथनच्या टीम इथे नेहमी अडकतात, कारण त्यांच्या ग्रंथालयातला एक्स-२५५१९ माँटगोमेरी रूपात असतो आणि एबीडीएमच्या नमुन्यांत बाउन्सी कॅसलचं वायरश्ट्रास रूप आहे. नावं सारखी दिसतात, किल्ली मात्र जुळत नाही. फिडेलियस हे साधन वापरून आपलं उत्तर पडताळून पाहा.

आणखी एक गोष्ट, रात्रीची. रुग्ण घरी जाऊन जेवण झाल्यावर अ‍ॅप उघडतो. नर्सिंग होमचा सर्व्हर तेव्हा बंद केलेला असेल, तर विनंती वाया जाते. नोंदी तयार होताच एन्क्रिप्ट करून ब्रिजजवळ ठेवा किंवा सर्व्हर बंद न करण्याची सूचना त्याच्यावरच मोठ्या अक्षरांत चिकटवा.

तिसरा टप्पा

इथे तुमचं रुग्णालय दुसरीकडची नोंद मागतं. डॉक्टर उद्देश, कालावधी आणि नोंदींचे प्रकार निवडतात, रुग्ण फोनवर मान्यता देतो, मग नोंद येते. संमतीत डेटा पुसण्याची तारीख असते. त्या तारखेला किंवा रुग्णाने संमती मागे घेताच नोंद पडद्यावरून, डेटाबेसमधून आणि कॅशमधून गेली पाहिजे. परीक्षक हेच तपासतात, आणि पीडीएफ तात्पुरत्या फोल्डरमध्ये उरल्यामुळे चांगली चालणारी सॉफ्टवेअरही इथे नापास होतात.

सुरक्षा तपासणी आणि बाहेर पडणं

वेब अ‍ॅप्लिकेशन सिक्युरिटी असेसमेंट सर्ट-इनच्या यादीतल्या ऑडिटरकडूनच लागतं. ऑडिटर पहिल्या फेरीत त्रुटी देतो, तुम्ही दुरुस्त करता, तो पुन्हा तपासून ‘होस्ट करण्यास सुरक्षित’ असं प्रमाणपत्र देतो. ऑडिटरला काम देताना पुनर्तपासणी दरात धरली आहे का हे लेखी घ्या. चाचणीची प्रत आणि प्रत्यक्ष चालणारी प्रत एकच हवी. प्रमाणपत्र मिळाल्यावर घाईने नवी सुविधा घातली, तर ते प्रमाणपत्र त्या नव्या प्रतीचं राहत नाही.

ऑडिटर काय शोधेल ते आधीच शोधा. पत्त्यातला रुग्ण क्रमांक एकने वाढवून दुसऱ्याचा रिपोर्ट उघडतो का? ओटीपीचे कितीही प्रयत्न चालतात का? आरएमओ (निवासी डॉक्टर), सिस्टर आणि बिलिंग तिघांचं एकच लॉगिन आहे का? चुकीचा पासवर्ड टाकल्यावर येणारा संदेश ‘हा वापरकर्ता अस्तित्वात आहे’ असं सांगून टाकतो का? लॉगमध्ये रुग्णाचं नाव आणि मोबाईल उघडे पडलेत का? पहिला प्रश्न सर्वांत गंभीर, आणि तोच सर्वांत जास्त वेळा सापडतो.

कार्यात्मक चाचणीत ठरलेल्या यादीतली प्रत्येक पायरी चालवून दाखवावी लागते, यशाचीही आणि अपयशाचीही. चुकीचा ओटीपी, संपलेली संमती, न सापडलेला रुग्ण यांचे संदेश पडद्यावर समजतील अशा भाषेत हवेत. सगळं मान्य झालं की प्रत्यक्ष वापराच्या किल्ल्या मिळतात. त्या दिवशी पत्ते, किल्ल्या, एक्स-सीएम-आयडी आणि कॉलबॅक हे चारही बदला आणि पहिले दोन दिवस एकाच रुग्णालयात, एकाच काउंटरवर चालवा.

दावा आणि दर महिन्याचं काम

डीएचआयएससाठी रुग्णालयाने आणि कंपनीने वेगवेगळी नोंदणी करायची असते. बँक खात्याचं नाव, पॅन आणि रजिस्ट्रीतलं नाव एकमेकांशी जुळवून घ्या. डॉक्टरांच्या वैयक्तिक खात्याऐवजी रुग्णालयाचं खातं द्या, म्हणजे हिशेब सनदी लेखापालालाही सोपा जातो.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तीन आकडे शेजारी मांडा: किती केसपेपर निघाले, त्यांतल्या कितींना आभा आहे, आणि किती नोंदी प्रत्यक्ष जोडल्या गेल्या. पहिल्या दोनांत मोठं अंतर असेल तर अडचण काउंटरवर आहे, तिथे माणूस वाढवा किंवा क्यूआरची जागा बदला. दुसऱ्या-तिसऱ्यात अंतर असेल तर जोडणीचे अपयशी संदेश काढून कारणानुसार मोजा. लिंक टोकन (जोडणीसाठीचा तात्पुरता परवाना-संकेत) संपलेलं, नाव न जुळलेलं, बंडल नाकारलेलं अशा तीन गठ्ठ्यांत जवळपास सगळं बसतं. नाव न जुळलेल्यांची यादी छापून काउंटरवर द्या. ते रुग्ण पुढच्या भेटीला आले की त्यांचं आधारवरचं नाव आणि जन्मवर्ष विचारून तिथेच दुरुस्त करून घ्या, आणि मागच्या भेटीची राहिलेली नोंद त्याच वेळी पुन्हा जोडायला पाठवा.